पाळलेला श्रावण

आमच्या चाळीतल्या बायका श्रावणाची वाट बघायच्या आणि मला श्रावण जवळ आला की घाम फुटायचा. बेटेगावातली पत्र्याची चाळ, खोल्यांतले बहुतेक पुरुष तारापूरच्या कारखान्यांत कामाला. गटारीच्या सकाळी बायका घरातले दिवे घासून पूजा करायच्या, आणि संध्याकाळी पुरुष असे प्यायला बसायचे, जसं काही उद्यापासून जगातली दारू संपणार आहे. दुसऱ्या दिवशी तेच पुरुष आंघोळ करून, कपाळाला गंध लावून दारात उभे. महिनाभर थेंब नाही, मटण नाही, शिवीसुद्धा जपून. शेजारणी म्हणायच्या, "चला बाई, महिनाभर तरी डोक्याला शांतता." मी त्यांच्यात मान हलवायची आणि घरात येऊन लाटणं, बत्ता, तवा, पक्कड असं सगळं तांदळाच्या पिंपात तळाशी खुपसायची. कारण माझा नवरा पिऊन कधीच मारत नव्हता. तो मारायचा तो श्रावणात.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मार खाऊन माझं डोकं फिरलंय. दारुडा दारू पिऊन मारतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं. तो पाठ खोटा निघाला आणि खरा कोणता हे शिकेपर्यंत माझा डावा कान गेला.

मी सातपाटीची. आई अजून सुके बोंबील आणि जवळा घेऊन बोईसरच्या बाजारात बसते. मी बारावी केली, कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागले, आणि कारखान्याकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात हा भेटला. जळगावकडचा. कुंभवलीच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. लग्न आम्हीच जमवलं, त्यामुळे पुढे तक्रार करायला मला तोंड नव्हतं असं सगळे म्हणाले. तोंड नसणं हा माझा स्वभावच नाही, पण ते असो.

तो घाबरट आहे हे मला लग्नाआधीच कळलं होतं आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. रस्ता ओलांडताना हात धरायचा, तो प्रेमाने कमी आणि भीतीने जास्त. घरातून निघताना गॅसचं बटण बघायचा, कुलूप ओढून बघायचा, रिक्षापर्यंत जाऊन परत यायचा. मी चिडवायची, "कुलूप पळून गेलं का रे?" कारखान्यात मात्र त्याचं हे वेड कामाचं होतं. रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्यात रसायनं शिजतात ती मोठी बंद टाकी. तिच्या प्रेशरचा काटा इतर लोक एकदा बघायचे, हा पुन्हा पुन्हा. त्याच्या शिफ्टला साहेब निवांत असायचे.

मग एका दुपारी शेजारच्या कारखान्यात टाकी फुटली. मी लांब, आमच्या पॅकिंगच्या टेबलाशी होते, तरी खिडकीच्या काचा येऊन शर्टांच्या गठ्ठ्यांवर पडल्या. हा कंपाउंडच्या भिंतीजवळ नळावर हात धूत होता. छपराचा एक पत्रा उडून आला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या खांद्यातून आरपार गेला. याने त्याला उचलून गेटपर्यंत आणलं. गेटपाशी येईपर्यंत तो माणूस संपला होता, पण हे याला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे हा त्याच्याशी बोलत राहिला. घरी आला तेव्हा कोपरापर्यंत रक्त सुकलेलं. हात धुवायला तयार होईना. मी मोरीत बसवून घासणीने, भांडी घासावीत तसे त्याचे हात घासले.

"कुछ नहीं हुआ तेरे को, नसीबवाला है तू," असं त्याच्या कारखान्यातले लोक घरी येऊन सांगून गेले. नशीबवान माणूस दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेला.

त्यानंतर धडधड सुरू झाली. जेवताना, रिक्षात, आंघोळ करताना, कुठेही. छातीवर हात दाबून म्हणायचा, "प्रेशर चढलं." अंग घामाने चिंब, ओठ पांढरे, आणि डोळे माझ्या तोंडावर, की मी काहीतरी करीन. बोईसरच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली. काही नाही म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आम्ही घरी आलो. टेन्शन आमच्या आधी घरी येऊन बसलेलं.

कुणीतरी शिफ्ट सुटताना त्याला देशीची क्वार्टर पाजली. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला, हसला, आणि कित्येक दिवसांनी घोरला. मी त्याच्या अंगावर चादर टाकली आणि मला इतकं हायसं वाटलं, की मीच दोन घोट घेतल्यासारखी झोपले. औषध मिळालं होतं. पुढे कामावरून येताना एक, मग कामावर जाताना झाकणभर, मग झाकण मोजायचंही बंद झालं. पिऊन तो गरीब गाय व्हायचा. माझ्या आईने शिकवल्याप्रमाणे ओले बोंबील साफ करायचा, ते साफ करताना गाणी म्हणायचा, कांदा चिरून द्यायचा. न पिता हात थरथरायचे. तेव्हा विळी मी त्याच्यासमोरून उचलून ठेवायची.

आणि मग आला पहिला श्रावण. त्याने बाटली दगडावर आपटून फोडली, आईला फोन करून सांगितलं, देवाला फूल वाहिलं. दोन-तीन दिवसांत चहाचा कप बशीवर वाजायला लागला. झोप नाही. घामाने गादी ओली. कुठे दार आपटलं तरी हा उठून उभा. मी डाळ लावली होती. कुकरची शिट्टी झाली आणि त्याने पेटत्या गॅसवरून कुकर उचलून भिंतीवर मारला. झाकण उघडलं नाही हे नशीब. मी म्हणाले, "अरे, शिट्टी होती नुसती!" एवढंच. त्याने वळून माझ्या कानाखाली अशी ठेवली, की मी ओट्यावर आपटून खाली आले. कानात आधी काही नव्हतं, मग शिट्टी सुरू झाली. ती आजपर्यंत थांबलेली नाही. बोटाला कानातून रक्त लागलं. ते बघून तो भिंतीला टेकून रडायला लागला.

मी काही सती सावित्री नाही. मी तोच कुकर उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा पुढचा दात पडला. रक्ताच्या गुळण्या टाकत तो म्हणत होता, "बंद कर, आधी गॅस बंद कर."

शेजारणी दारात जमल्या. एक म्हणाली, "श्रावण पाळतोय बिचारा, तुलाच जरा गप्प बसता येत नाही का?" सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दारुड्याला महिनाभर थेंबाशिवाय राहता येतं का? माझा पोरगा दारुडा नाही. तूच त्याचं डोकं फिरवतेस." श्रावण हा सगळ्यांचा पुरावा होता. जो श्रावण पाळतो तो पिणारा खरा, पण दारुडा नव्हे. कारखान्यात हाच हिशेब, चाळीत हाच, माझ्या माहेरीसुद्धा हाच.

आईने बाजारात माझा सुजलेला चेहरा बघितला. टोपली बाजूला सारली आणि विचारलं, "पिऊन मारतो का गो?"

"नाही आई. न पिता मारतो."

आईच्या घरातही पिणारे होते, मारणारेही होते, पण हे गणित तिच्याजवळ नव्हतं. शेवटी म्हणाली, "आमी काय सांगू तुला? तुला नाय सोसवत तर चल घरी. खोली हाय, ताट हाय."

मी गेले नाही. का गेले नाही हे मला कुणी विचारलं की मला चीड येते. गेले नाही कारण अकरा महिने तो माझा नवरा असायचा. कारण रडत रडत माझ्या कानाला हळद लावणारा माणूसही तोच होता. मूल नव्हतं, ते बरंच झालं असं म्हणते मी, आणि म्हणताना माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या श्रावणात त्याने माझं मनगट मोडलं. लाटणं, बत्ता पिंपात होते, पण मारणाऱ्या हाताला हत्यार लागत नाही. त्या वेळी बाहेर गणपतीच्या ढोलांची तालीम चालली होती आणि प्रत्येक ठोक्याला हा खोलीत इकडून तिकडे पळत होता, मी मध्ये आले. श्रावण संपला, पहिली क्वार्टर पोटात गेली, आणि तो माझ्या प्लॅस्टरवर डोकं ठेवून झोपला. तेव्हाच मला पक्कं कळलं, की पुढच्या एखाद्या श्रावणात आमच्यापैकी एक जण मरणार. कोण, एवढंच ठरायचं होतं.

तिसऱ्या वर्षी त्याने सकाळी उठल्या उठल्या प्यायला सुरुवात केली होती. तोंड धुवायच्या आधी बाटली लागायची, नाहीतर ब्रश हातात धरता येत नव्हता. कारखान्यात वास आला म्हणून त्याला टाकीवरून काढून गोडाऊनला टाकलं. तो अपमान त्याला फार लागला. गटारीच्या आधी त्याने शपथ घेतली, हा श्रावण नुसता महिन्याचा नाही, कायमचा. सासूबाई आनंदाने जळगावहून येऊन राहिल्या. पिशवीत कुलदेवीचा अंगारा. गटारीला तो शेवटचं म्हणून जितकं पिता येईल तितकं प्यायला. सासूबाईंनी त्याच्यासाठी कोंबडी शिजवली आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून बघ माझा मुलगा."

उद्यापासून मी बघितला. पहिल्या दिवशी अंग थरथरत होतं, पाणी पोटात राहत नव्हतं. सासूबाई अंगारा लावत होत्या, "विष निघतंय, निघू दे." मी म्हणाले, डॉक्टरकडे नेऊ. त्या म्हणाल्या, "श्रावणाचा कुणी डॉक्टर असतो का?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गॅस येतोय." मी बटण दाखवलं, बंद होतं. "तिथून नाही. जमिनीतून. हिरवा आहे, बघ ना." तिथे काहीच नव्हतं. त्याने सिलेंडरची नळी उपटली, भरलेला सिलेंडर उचलून दारातून बाहेर गटारात फेकला. शेजारचे ओरडत पळाले. मग तो माझ्याकडे वळला. "पळ! फुटेल! पळ!" मी त्याला धरायला गेले. त्याने माझे केस मुठीत धरले आणि मला ओढत दाराकडे नेलं. मी चौकट धरून ठेवली, तर माझ्या बोटांवर लाथा घालायला लागला. तोंडावर मारलं, पोटात मारलं, आणि मारताना ओरडत होता, "ऐकत का नाहीस? मरशील! बाहेर हो!" सासूबाई मध्ये पडल्या, तर त्यांनाही भिरकावलं.

तो मला मारत नव्हता. वाचवत होता. हे मला तेव्हाच, लाथ खाताना कळलं, आणि त्यामुळे दुखणं कणभरही कमी झालं नाही.

आम्ही दोघं चाळीच्या चौकात पडलो. तिथे तो अचानक ताठ झाला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, टाच फरशीवर आपटत राहिली, तोंडातून लाल फेस. पँट ओली झाली. चाळ गोळा झाली. कुणी कांदा नाकाशी धरला, कुणी चप्पल, कुणी म्हणालं अंगात आलंय, भगताला बोलवा. सासूबाई उरलेला अंगारा त्याच्या तोंडात घालायला निघाल्या. मी त्यांचा हात पिरगाळला. सासूचा हात पिरगाळणारी सून चाळीने त्या दिवशी बघितली. मग एका टेम्पोवाल्याला शर्ट धरून ओढून आणलं आणि बोईसरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं?" मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. मग भराभर प्रश्न. आधी कधी फिट आली होती? ताप? डोक्याला मार? कारखान्यात कसला वायू वगैरे?

"दारू पितात का?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे श्रावण आहे. थेंब नाही." टेम्पोवालाही मान हलवून म्हणाला, "हो साहेब, श्रावण पाळतात ते."

डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले. टेम्पोवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं, सासूबाईंनीही नाही. दोघं अगदी मनापासून बोलत होते, आणि त्यांच्या त्या मनापासूनच्या उत्तराने माझा नवरा तिथेच मरणार होता. माझा ओठ फाटलेला, दात हलत होता, बोलताना रक्त गळत होतं. मी ओरडले, "थेंब नाही म्हणूनच झालंय हे! परवापर्यंत सकाळपासून पीत होता. दर श्रावणात होतं. दर श्रावणात हा सोडतो आणि मी मरते!"

डॉक्टरांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि ते धावले. सासूबाई बाकावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता पदर तोंडात धरून राहिल्या.

तीन रात्री त्याला खाटेला बांधून ठेवलं होतं. तो शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना, सासूबाईंनाही, समोर बसवलं. इतकी रोज पिणाऱ्या माणसाने एकदम सोडली तर मेंदू पेटतो, माणूस मरूही शकतो, म्हणाले. औषधावर ठेवून सोडायची असते. आणि म्हणाले, दारूच्या आधी भीती आहे. दारू तिला झोपवते आणि ती दर वेळी आणखी तगडी होऊन उठते, मग तिला झोपवायला आणखी दारू. "पुढचा श्रावण पाळायचा असेल तर इथे येऊन पाळा," असं म्हणून ते उठले.

पालघरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, "भीती वाटते." एवढे दोन शब्द बोलायला त्याला किती वर्षं लागली. दारुडा म्हणवून घ्यायला त्याला कधी लाज वाटली नव्हती, ते पुरुषाला शोभतं. घाबरट म्हणवून घ्यायची वाटत होती. मला त्या क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याचा दुसराही दात पाडावासा वाटला.

तो लगेच काही सुधारला नाही. दिवाळीत प्याला, घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि आम्ही पालघरला गेलो. होळीला पुन्हा. पुन्हा पालघर. गोळ्या चालू आहेत, धडधड येते, तो ओट्याला धरून उभा राहतो आणि जाईपर्यंत श्वास मोजतो. मी त्याला माफ केलेलं नाही. माफ कर असं त्याने म्हटलेलंही नाही, आणि ते मला बरं वाटतं. आई बाजारात दर वेळी आधी माझा चेहरा नीट बघून घेते, मगच बोलायला लागते.

यंदाच्या गटारीला चाळ नेहमीप्रमाणे प्यायली. तो गोळी घेऊन घरात बसला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. मी सवयीने लाटणं आणि बत्ता घेऊन पिंपाशी गेले, तर पिंपाचं झाकण उघडं होतं आणि तो आधीच तवा तांदळात खुपसत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

दोन श्रावण मी ते लपवत होते, दोन्ही श्रावण त्याला माहीत होतं, आणि पिंपाला त्याने हात लावला नव्हता. यावर खूश व्हायचं की किंचाळायचं मला कळेना. मी बत्ता त्याच्या हातात दिला. त्याने तोही खाली घातला आणि झाकण लावलं.

मग म्हणाला, "कुकर लाव."

पहिल्या श्रावणातल्या त्या दिवसापासून घरात कुकर लावला नव्हता. भात पातेल्यात, डाळ पातेल्यात. मी माळ्यावरून कुकर काढला. बाजूला चेपलेला होता, पण झाकण बसलं. डाळ लावली, गॅस पेटवला. तो समोर पाटावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी मागच्या मोरीत कपडे धुवायला गेले, कारण तिथे उभं राहून बघणं माझ्याने होईना. माझ्या कानात तर शिट्टी चालूच असते. कुकरची कुठली आणि माझी कुठली, मला मोरीतून कळत नाही.

"झाली," तो आतून म्हणाला.

"कुकरची ना?"

"कुकरची. तुझी मला कुठे ऐकू येते?"

मी पिळा तसाच हातात धरून उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने दुसरी सांगितली, मग तिसरी.

"मग बंद कर की," मी म्हणाले.

त्याने उठून गॅस बंद केला, आणि बटणाला पुन्हा एकदा हात लावून बघितला.